जुनी पिकअप कधी सुरू होते, कधी होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी दहापैकी नऊ वेळा नीट सुरू होते. गॅरेजमध्ये नेली की हमखास सुरू होते. मग बिघाड शोधायचा कसा?

ठणकणारा दात डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्याबरोबर गप्प होतो, तसलाच हा प्रकार. गाडी चालू होत असताना काहीही मोजलं तरी सगळं बरोबरच येणार, कारण त्या घडीला सगळं बरोबरच असतं. बिघाड हजर असतो ती दहा-पंधरा मिनिटं हीच तपासणीची वेळ, आणि नेमकी तीच आपण वैतागून किल्ली फिरवण्यात, धक्का मारण्यात आणि फोन लावण्यात घालवतो.

म्हणून तयारी आधीच करून ठेवायची. टेस्ट लॅम्प (वायरीत वीज आहे का ते दाखवणारा दिवा), साधा मल्टीमीटर, टर्मिनलला बसणारा पाना, जम्पर केबल आणि एक छोटी वही एवढं सीटमागे कायम असू द्या. गाडीनं दगा दिला की पुन्हा सुरू करण्याची घाई करायची नाही. आधी काय कमी पडतंय ते बघायचं. बाकी सगळी उत्तरं याच एका सवयीवर उभी आहेत.

‘सुरू होत नाही’ यात बघण्यासारखं असतं काय? नाही तर नाही!

इथेच निम्मा घोटाळा होतो. मिस्त्रीला फोनवर ‘सुरू होत नाही’ एवढंच सांगितलं तर तो बॅटरी घेऊन येणार. किल्ली फिरवल्यावर स्टार्टर इंजिन फिरवतो का, हे आधी सांगा. फिरवत असेल, पण इंजिन पकडत नसेल, तर बॅटरी आणि स्टार्टर बहुतेक निर्दोष आहेत. इंधन, स्पार्क किंवा एखादा सेन्सर बघायचा. फिरवतच नसेल तर इंधनाचा काही संबंध नाही. बॅटरी, केबल, स्टार्टर आणि किल्लीपासून स्टार्टरपर्यंतची बारीक वायर एवढाच मुलूख उरतो. हा फरक न करता फिल्टर, प्लग, पंप बदलत सुटणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

स्टार्टर फिरत नसेल तर आवाजाकडे कान द्या. भराभर ‘टक-टक-टक-टक’ म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. सोलेनॉइड (स्टार्टरवरचा, मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच) आत ओढला जातो, मोटरला करंट मिळताच व्होल्टेज कोसळतं, त्याची पकड सुटते, व्होल्टेज परत वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. एकच जड ‘ठक’ आणि मग शांतता, असं असेल तर संशय सोलेनॉइडच्या आतल्या कॉन्टॅक्टवर, कार्बन ब्रशवर किंवा जाड केबलवर. काहीच आवाज नाही म्हणजे बहुधा किल्लीचा निरोप स्टार्टरपर्यंत पोचलेलाच नाही.

हातात एकही हत्यार नसेल तर?

हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवा. दिवे एकदम मावळले तर बॅटरी उतरली आहे, टर्मिनल सैल आहे, नाहीतर स्टार्टर जाम झाला आहे. दिवे जसेच्या तसे लख्ख राहिले आणि स्टार्टर गप्प, तर जास्त करंट कोणी ओढतच नाही. किल्ली, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच), क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच किंवा ती बारीक वायर बघा. स्टार्टरचे ब्रश पार झिजले असले तरी दिवे असेच लख्ख राहू शकतात, पण तेव्हा ती ‘ठक’ ऐकू येते.

बॅटरी नवीच आहे. तरी ती तपासायची का?

हो. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा आणि मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो. स्टार्टर फिरत असताना उबदार हवेत व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास हवं. ते नसेल तर दोष अल्टरनेटरकडे आहे. बॅटरी बिचारी उपाशी राहते.

दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते अशी तक्रार असेल तर सगळं बंद केल्यावर किती करंट गळतोय ते मोजा. ५० मिलिॲम्पिअरपर्यंत ठीक. जुन्या पिकअपवर मागाहून लावलेले म्युझिक सिस्टिम, हॉर्न, हौद्यातला दिवा, ट्रेलरचं सॉकेट हे नेहमीचे गुन्हेगार.

टर्मिनल घासून स्वच्छ केली, घट्ट आवळली. आता केबलमध्ये काय बघायचं?

जुन्या पिकअपमध्ये मला सगळ्यात आधी संशय येतो तो अर्थचा, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीचा. बॅटरीची काळी केबल चॅसीला किंवा बॉडीला, तिथून एक पट्टी इंजिनला, आणि प्रत्येक जोडाच्या बोल्टखाली वर्षानुवर्षांचा गंज, रंग, चिखल. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी तुटली की करंट मिळेल त्या वाटेनं परततो. क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल सेल मारताना गरम होत असेल तर समजा, स्टार्टरचा करंट तिच्यातून चालला आहे.

डोळ्यांनी हे दिसत नाही, आणि साध्या मीटरनं ओहम मोजूनही कळत नाही. हिशेब बघा. स्टार्टर १५० ॲम्पिअर ओढतोय आणि एका जोडात ०.०२ ओहम अडथळा आहे, तर ३ व्होल्ट तिथेच खलास. ०.०२ ओहम साध्या मीटरवर शून्यासारखेच दिसतात. त्यामुळे सेल मारत असतानाच मोजायचं. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नको, खुंटीवरच) आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या माणसाला सेल मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थमध्ये दोष. मग पॉझिटिव्ह खुंटीपासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत तसंच, तिथे ०.५ पर्यंत चालवून घ्या. इंजिन पकडू नये म्हणून आधी कॉइलची वायर किंवा इंधन पंपाचा फ्यूज काढा, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला.

स्टार्टरवर हातोडीनं ठोकलं की सुरू होते. मग बिघाड सापडला ना?

जवळजवळ. ठोकल्यानं चिकटलेले ब्रश पुन्हा टेकतात किंवा सोलेनॉइडमधली तांब्याची चकती जरा हलते. ही चकती आणि तिच्यासमोरचे कॉन्टॅक्ट एका जागी जळतात, बाकी ठिकाणी चांगले राहतात, म्हणून तर ‘कधी होते, कधी नाही’. बहुतेक वेळा पूर्ण स्टार्टर बदलण्याची गरज नसते. ब्रश आणि कॉन्टॅक्ट नवे टाकून, बुश बघून काम भागतं. मात्र ठोकण्याच्या धक्क्यानं शेजारची सैल वायरही जागेवर येते, हे विसरू नका. आधी ती वायर हलवून बघा. आणि ठोकायचं ते हलक्या हातानं; काही स्टार्टरमध्ये आत चुंबकं चिकटवलेली असतात, ती तडकतात.

किल्ली फिरवली की काहीच होत नाही. गिअर दांडा हलवला, क्लच पुन्हा दाबला की होते.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्क किंवा न्यूट्रलला असल्याशिवाय स्टार्टरला करंट जाऊ नये म्हणून एक स्विच असतो. मॅन्युअलमध्ये पुष्कळ ठिकाणी क्लच पेडलपाशी असतो. तो झिजला किंवा सरकला आहे.

किल्ली हलवून किंवा उचलून धरून सुरू होत असेल तर इग्निशन स्विचच्या मागचा विजेचा भाग खराब आहे. लोक कुलूपच बदलतात. बऱ्याच गाड्यांत मागचा तुकडा वेगळा मिळतो. किल्लीला लटकवलेला जुडगा मात्र आजच उतरवा.

बिघाड पंधरा दिवसांतून एकदाच होतो. तोपर्यंत मीटर धरून बसायचं का?

नाही, पहारेकरी बसवायचा. आमच्या पिकअपच्या वेळी मी हे फार उशिरा शिकलो. आधी बॅटरी बदलली, गाडी तीन आठवडे गुणानं चालली. मग पुन्हा तेच. स्टार्टर बदलला, महिनाभर शांतता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, आणि मी दोन्ही वेळा कावळ्यालाच श्रेय दिलं.

शेवटी एका वृद्ध वायरमननं स्टार्टरच्या बारीक वायरच्या टर्मिनलपासून (बऱ्याच स्टार्टरवर त्यावर ५० हा आकडा किंवा ‘एस’ असतं) एक लांब वायर केबिनमध्ये आणली, मध्ये छोटा फ्यूज घातला आणि डॅशबोर्डखाली १२ व्होल्टचा लहान बल्ब लावून दिला, दुसरं टोक अर्थला. किल्ली स्टार्टपर्यंत फिरवली की बल्ब लागतो. पुढच्या वेळी स्टार्टर गप्प राहिला तेव्हा बल्ब विझलेला होता. म्हणजे नवा स्टार्टर, नवी बॅटरी दोन्ही निर्दोष. निरोपच पोचत नव्हता. रिलेच्या खाचेतली एक पितळी पिन पसरट होऊन सैल झाली होती. चिमट्यानं दाबली, काम झालं.

असाच दुसरा बल्ब इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हला आणि तिसरा इंधन पंपाच्या वायरला लावता येतो. इंजिन फिरतंय पण पकडत नाही अशा वेळी नुसतं खाली बघायचं: कोणता दिवा गेला? फ्यूज वायर जिथून घेतली तिथेच, अगदी जवळ बसवा, आणि वायर सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधा. सेन्सरच्या वायरवर मात्र बल्ब लावू नका. तिथला करंट अगदी थोडा असतो, बल्बचा भार टाकला तर नसलेला बिघाड तयार होईल.

मीटरवर १२ व्होल्ट येतात, तरी पंप किंवा रिले चालत नाही. असं कसं?

मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरीतल्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या असल्या तरी उरलेली एक तार मीटरला १२ व्होल्ट दाखवायला पुरते. पंप लावला की तीच तार दम तोडते. म्हणून जास्त करंट नेणाऱ्या वायरी बल्बनं तपासा. २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब पावणेदोन ॲम्पिअर ओढतो, ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब साडेचारच्या आसपास. बल्ब लख्ख लागला तर वायर खरी; मिणमिणला तर वाटेत कुठेतरी कुजली आहे. पिकअपमध्ये ही जागा बरेचदा केबिन आणि हौद्याच्या मध्ये, चॅसीवरून वायर जिथे वळते तिथे सापडते. तिथे चिखल, पाणी आणि हादरे तिन्ही मिळतात. उंदरांनी कुरतडलेलंही बघा.

लांबून आल्यावर बंद केली की सुरू होत नाही. अर्ध्या तासानं, जणू काही झालंच नाही, अशी सुरू होते.

हा सगळ्यात छळणारा प्रकार, आणि कारणंही बरीच. स्टार्टर फिरतो का, हे इथेही पहिलं. इंजिन बंद केलं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात, पण सायलेन्सर तापलेलाच असतो, त्यामुळे पहिल्या दहा-वीस मिनिटांत स्टार्टर उलट जास्त तापतो. झिजलेला स्टार्टर तेव्हा फिरायला नकार देतो. उष्णता अडवणारा पत्रा कोणी काढून ठेवला असेल तर तो आधी परत लावा.

इंजिन फिरत असेल तर स्पार्क बघा. स्पार्क टेस्टर लावा. प्लगची वायर हातात धरून बघण्याचा जुना पराक्रम करू नका. स्पार्क नसेल तर इग्निशन कॉइल, इग्निशन मॉड्यूल (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा भाग) किंवा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा). या तिघांच्या पोटात बारीक तांब्याची तार किंवा नाजूक जोड असतात. तापून प्रसरण झालं की चिरलेला जोड सुटतो, थंड झाल्यावर पुन्हा टेकतो. इंजेक्शनच्या गाडीत स्पार्कही नाही आणि इंजेक्टरला सिग्नलही नाही, तर क्रँक सेन्सरवर बोट ठेवायला हरकत नाही. सेल मारताना आरपीएमचा काटा जराही हलला नाही तर, बऱ्याच गाड्यांमध्ये, तीही याचीच खूण.

खात्री करायची तर गाडी बंद पडलेली असतानाच त्या एकाच भागाला थंड करा. संशयित सेन्सरवर किंवा मॉड्यूलवर ओला फडका ठेवा, बाकी इंजिन तापलेलंच राहू द्या. दोन मिनिटांत स्पार्क आला तर गुन्हेगार सापडला. उलटा प्रयोगही चालतो: थंड गाडीत केस वाळवायच्या ड्रायरनं तोच भाग तापवायचा आणि बंद पडते का ते बघायचं.

कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक भानगड. तापलेल्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात उतरतं आणि ते तुंबतं, किंवा पाइपात वाफ धरते. तुंबलं असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल मारा. दाबायचा तो एकदाच. वरखाली केलात तर प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जाईल.

फक्त पावसात किंवा दमट सकाळी त्रास देते.

डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर आणि प्लगच्या वायरी. टोपीच्या आत पेन्सिलीनं काढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तीच करंटची चोरवाट. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर बारीक फवारा मारला तर ठिणग्या उडताना दिसतात. हात लांब ठेवा, तो दाब हजारो व्होल्टचा असतो.

पेट्रोल पंप चालतो की नाही, हे कसं ओळखायचं?

इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत किल्ली ‘ऑन’ केली की टाकीतून साधारण दोन सेकंद गुणगुण ऐकू येते. नाही आली तर फ्यूज, रिले, अर्थ, मग पंप. टाकीच्या बुडाला हाताच्या मुठीनं ठोकल्यावर सुरू झाली तर पंपाचे ब्रश संपत आले आहेत, लांबच्या प्रवासाला निघू नका. तीन-चार वेळा किल्ली ऑन-ऑफ केल्यावरच सुरू होते, असं असेल तर पंप चालतो पण बंद केल्यावर दाब टिकत नाही.

आमची डिझेल आहे. हे सगळं लागू होतं का?

स्टार्टर, केबल, बॅटरी यांचं सगळं लागू, उलट जास्तच. डिझेल इंजिनला जोरात फिरवावं लागतं. सावकाश फिरलं तर दाबून हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेल पेटत नाही. स्पार्कचं प्रकरण मात्र संपलं.

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत बघायच्या गोष्टी थोड्या असतात. किल्ली ऑन केल्यावर पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (डिझेलची वाट उघडणारा-बंद करणारा) ‘टक’ करतो का? नसेल तर त्याची वायर बघा, नट सैल असतो. रात्रभर उभी राहिल्यावर खूप सेल मारावा लागतो, पण दिवसभर मग झटक्यात सुरू होते, तर लाइन हवा धरते आहे. डिझेल टाकीकडे परत उतरतं. नाक चढावर करून उभी केली की त्रास वाढतो आणि उतारावर कमी होतो, तर जवळजवळ नक्की. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा घालून बुडबुडे बघा. तडकलेल्या रबरी नळ्या, तांब्याचे वॉशर आणि हातपंपाचं रबर हे नेहमीचे. हातपंप मारून लगेच सुरू झाली तरी तोच निष्कर्ष.

थंडीत पांढरा धूर सोडत, अडखळत सुरू होते: हीटर प्लग (थंड इंजिनात डिझेल पेटायला उष्णता देणारे) किंवा त्यांचा रिले. प्लगवरची पट्टी काढा, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून टेस्ट लॅम्प घेऊन प्रत्येक प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला नाही तो प्लग गेला.

तापल्यावरच सुरू होत नसेल आणि स्टार्टर जोरात फिरत असेल, तर झिजलेला डिझेल पंप. गरम, पातळ डिझेल आतल्या आत निसटतं. पंपावर ओला फडका ठेवून काही मिनिटांनी सुरू झाली तर बाकी शोध थांबवा. तापलेल्या पंपावर गार पाणी ओतणारे लोक मी पाहिले आहेत. तसं केल्यानं पंप जाम होऊ शकतो.

स्कॅनर लावला, एकही कोड नाही. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स ठीक?

तसं नाही. कंट्रोल युनिट (गाडीचा कॉम्प्युटर) ज्या सर्किटवर नजर ठेवतं त्याचाच कोड येतो. गंजलेली अर्थ पट्टी, झिजलेला स्टार्टर, हवा धरलेली नळी यांचा कोड नसतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या हलक्या गाड्यांना ओबीडी-२ हे स्कॅनर लावायचं ठरावीक सॉकेट १९९६ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्यांत कोड वाचायची पद्धत कंपनीगणिक वेगळी. स्कॅनरचा खरा उपयोग बिघाड चालू असताना: सेल मारताना आरपीएम दिसतो का, ते बघा.

डॅशवर किल्लीचं चिन्ह लुकलुकतं आणि पकडून लगेच बंद पडते.

इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली वापरून बघा.

स्टार्टरचे बोल्ट स्क्रू ड्रायव्हरनं जोडून सुरू केली तर चालेल?

जमतं, पण असं करून माणसं आपल्याच गाडीखाली गेली आहेत. गिअरमध्ये असलेली गाडी उडी मारते, क्लचचा स्विच त्या वेळी कामाचा नसतो. चाकांना आडवे दगड, गिअर न्यूट्रल, आणि तरीही सोबत कोणी असल्याशिवाय नको. त्यापेक्षा मॅन्युअल गाडी असेल तर धक्का स्टार्ट बरा. धक्क्यावर लगेच पकडली तर इंधन आणि स्पार्क ठीक आहेत हेही कळतं. हीटर प्लगच्या डिझेलमध्ये ईथरचा स्प्रे कधीही मारू नका. लालबुंद प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो आणि पिस्टन फोडतो.

मिस्त्रीला काय सांगू?

वहीतलं वाचून दाखवा. प्रत्येक वेळी एवढंच लिहायचं: इंजिन गरम की थंड, किती वेळ उभी होती, टाकीत इंधन किती, चढ की उतार, पाऊस होता का, स्टार्टर फिरला का, आवाज कसा होता, आणि शेवटी कशानं सुरू झाली. पाच-सहा नोंदी झाल्या की बरेचदा वाचतानाच उत्तर दिसतं. टाकी पाव भरलेली असतानाच चार वेळा दगा दिला असेल तर स्टार्टर उघडण्यात अर्थ नाही.

दुरुस्ती झाली, पण खात्री कशी करायची?

ज्या परिस्थितीत बंद पडत होती तीच मुद्दाम तयार करा. तापल्यावर त्रास होता तर तासभर चालवून, बंद करून, पंधरा मिनिटांनी सेल मारा. असं निदान पाच-सहा वेळा. पहारेकरी बल्ब लगेच काढू नका. पूर्वी बिघाड पंधरा दिवसांनी यायचा तर दीड-दोन महिने जाऊ द्या. आमच्या गाडीतला तो बल्ब अजून डॅशबोर्डखाली आहे. त्याचा एकदा फ्यूज उडाला तेव्हा गाडी बिघडली असं वाटून मी अर्धा दिवस घालवला होता.